क्वालिटी तीच राहील, साहेब

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर पावसाने असा काही जोर धरला की अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि एरवी जिला नदी म्हणताना आपल्यालाच थोडा संकोच वाटतो त्या नाग नदीने आपण नदी असल्याचा पुरावा घरोघर नेऊन दिला. शहरात माणसं दगावली, कित्येकांचे संसार चिखलात गेले. त्यांच्यापुढे आमचं नुकसान सांगण्याजोगं नाही. आमच्या तळमजल्यावर फक्त गुडघाभर पाणी आलं आणि गुडघ्याच्या खाली आमच्या घरात एकच मौल्यवान वस्तू होती : डीव्हीडींचं कपाट.

ते कपाट गुडघ्याखाली गेलं कसं, यालाही इतिहास आहे. घरातल्या वस्तूची पत ती जमिनीपासून किती उंचावर ठेवलीय यावरून ओळखावी. २००८ च्या सुमारास आमच्या डीव्हीडी टीव्हीशेजारी, काचेच्या दाराआड, डोळ्यांच्या पातळीवर होत्या. मोझर बेअर कंपनीने चौतीस रुपयांना डीव्हीडी विकायला काढली तेव्हा आम्ही त्या मेथीच्या जुड्या घ्याव्यात तशा घेतल्या. पुढे पेन ड्राइव्ह आला, डीव्हीडी कमरेपर्यंत उतरल्या. मोबाइलवर सिनेमे आले, त्या घोट्यापाशी गेल्या. मोझर बेअर तर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. म्हणजे कंपनी बुडाली आणि पाच वर्षांनी तिचा मालही बुडाला, तोही आमच्या जिन्याखाली.

पाणी ओसरल्यावर मोजल्या. एकशे त्रेचाळीस. डीव्हीडी ही मोठी चिवट जात. पॉलिकार्बोनेटच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. चिखलाचं तिला फारसं काही वाटत नाही. पण कागदी कव्हरांचा एकजीव लगदा झाला होता. ‘श्वास’ सिनेमा कुठे संपतो आणि कुणाची मुंज कुठे सुरू होते, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही कोमट पाणी आणि साबण घेऊन बसलो.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, अमेरिकेत नेटफ्लिक्सने पोस्टाने डीव्हीडी पाठवण्याचा आपला पंचवीस वर्षांचा धंदा कायमचा बंद केला. जग ज्या आठवड्यात डीव्हीडीला निरोप देत होतं, त्या आठवड्यात आम्ही तिला आंघोळ घालत होतो.

धुतलेल्या तबकड्या मधल्या भोकातून सुतळी ओवून गच्चीवर वाळत घातल्या. शेजारचे काका गेटपाशी थांबले.

“कबुतरांसाठी का?”

“नाही काका, वाळवतोय.”

काकांनी थोडा विचार केला. “होतो असा त्रास,” ते म्हणाले. “पूर पाहिला की माणसाच्या मनावर परिणाम होतोच.”

कबुतरं मात्र आली. एकही घाबरलं नाही. आळीपाळीने तबकड्यांत तोंड पाहून, माना वळवून, पुन्हा पाहून गेली.

त्या रात्री चिरंजीवांनी निकाल दिला : सगळं हार्ड डिस्कवर घेऊन टाकायचं. मी म्हणालो, “घेऊ. पण क्वालिटी जाता कामा नये.” हे वाक्य मी का बोललो ते मला अजून समजलेलं नाही. दुकानात गेल्यावर ‘ताजं आहे ना?’ विचारतो, त्यातलाच हा प्रकार असावा.

पहिली अडचण अशी की घरात दोन लॅपटॉप आणि एकालाही डीव्हीडी घालायला तोंड नाही. म्हणून बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानातल्या पोराला म्हणालो, बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह हवा. त्याने आत हाक मारली, “बाबा, हे काका काहीतरी जुनं मांगून राहिले.”

बाबा बाहेर आले. “डीव्हीडी? काहून जी? सरकारी टेंडर आहे का?”

“घरचंच काम आहे.”

“मंग कशाले त्रास करून राहिले? सारं यूट्यूबवर हाय ना.”

“माझं लग्न यूट्यूबवर नाही.”

“बरं हाय मंग,” असं म्हणून त्यांनी माळ्यावरून एक खोकं काढलं आणि फुंकर मारली. त्या धुळीत २०१५ पर्यंतचे थर दिसत होते.

सोबत एक टेराबाइटची हार्ड डिस्क घेतली. घरी जोडली, तर संगणक म्हणतो ९३१ गीगाबाइट. मी तणतणत परत निघालो, इतक्यात चिरंजीवांनी अडवलं. म्हणे कंपनी हजाराला हजार धरते आणि विंडोज हजाराच्या जागी १०२४ धरते. माल तेवढाच, माप वेगळं. डीव्हीडीचंही तेच : खोक्यावर ४.७ गीगाबाइट लिहिलेलं, संगणकात ४.३७. म्हणजे ज्या भांड्यात ओतायचं ते लहान निघालं आणि जे ओतायचं तेही त्याच प्रमाणात लहान निघालं. गवळ्याचं माप आणि आपलं पातेलं दोन्ही सारखीच खोटी असली की व्यवहार अगदी चोख होतो.

मग मुख्य विषय : क्वालिटी. चिरंजीवांनी समोरच्या टोपलीतलं एक संत्रं उचललं. नागपुरात वेदान्तसुद्धा संत्र्यावरून शिकवता येतो.

“बाबा, हे अख्खं संत्रं म्हणजे आयएसओ. तबकडीवर जे आहे ते सगळं, मेन्यू, जाहिराती, सबटायटल, सालीसकट उचलायचं. एका तबकडीची एकच फाइल.”

“बरं.”

त्याने संत्रं सोललं. “आता या फोडी म्हणजे एमकेव्ही. साल फेकली, बिया काढल्या, फोडी दुसऱ्या डब्यात भरल्या. चित्र आणि आवाज तेच, एका थेंबाचाही फरक नाही. फक्त मेन्यू गेला.”

“आणि जागा कमी करायची असेल तर?”

त्याने फ्रिजमधला खोका उघडला. “ही संत्रा बर्फी. छान लागते, डब्यात कमी जागा घेते, प्रवासाला बरी. पण या बर्फीचं पुन्हा संत्रं होत नाही.”

इतकं स्वच्छ विवेचन मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. लोक डीव्हीडीची बर्फी करतात आणि मग रस निघत नाही म्हणून रडतात. आम्ही अख्खं संत्रं घ्यायचं ठरवलं. विवेचनासाठी काढलेला मुद्देमाल विवेचनकर्त्याने खाऊन टाकला.

दुसरी अडचण कायद्याची. बाजारातल्या बहुतेक डीव्हीडींना कुलूप असतं. चाळीस बिटांची किल्ली असलेलं हे कुलूप १९९९ मध्ये नॉर्वेच्या योन लेक योहानसेन या शाळकरी वयाच्या मुलाने आणि त्याच्या दोन अनाम साथीदारांनी उघडून दाखवलं. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये दोन कोर्टांनी त्याला निर्दोष सोडलं. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या संगणकावर पाहणं हा काही गुन्हा नव्हे. हे ऐकून मला धीर आला. पण कॉलनीत एक निवृत्त वकील आहेत आणि निवृत्त वकील फुकट सल्ला देतात तेव्हा तो ऐकावा लागतो. ते म्हणाले, नॉर्वे नॉर्वेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ‘६५ अ’ घातलंय. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडाल तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड.

“माझा हेतू पुरापासून वाचवण्याचा आहे.”

“तो कोर्टात सिद्ध करावा लागेल. पुराला साक्षीला बोलवाल?”

नाग नदीला समन्स कोण बजावणार? बाजारातल्या शहाण्णव डीव्हीडी आम्ही कुलपासकट पुसून माळ्यावर चढवल्या. नाही तरी त्या कारखान्यात ठशाने उठवलेल्या असतात. सांभाळून ठेवल्या तर टिकतात. खरी घाई उरलेल्या सत्तेचाळिसांची होती. त्या घरच्या : लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, आजीची पंच्याहत्तरी. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत ठसा नसतो, एका सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने डाग पाडलेले असतात आणि ऊन, उष्णता, दमट हवा या रंगाचे वैरी. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि त्यावर उपाय म्हणून घरोघर कूलर लावून हवा ओली केली जाते, तिथे या तबकड्या इतकी वर्षं जगल्या हीच त्यांची थोरवी. बाजारचा सिनेमा पुन्हा मिळेल. मुंज पुन्हा करता येत नाही. केली तरी मुलगा आता सहा फूट आहे.

काम सुरू झालं. आठपट वेगाने एक भरलेली तबकडी दहा मिनिटांत उतरते, हे कागदावर. प्रत्यक्षात ती ९७ टक्क्यांपर्यंत मुकाट्याने येते आणि तिथे बसते. ड्राइव्ह आत घुर्र, खट्, घुर्र करत राहतो, जणू आपल्या लक्षात नसलेलं कुणाचं नाव आठवतोय. उरलेले तीन टक्के म्हणजे लग्नात पंगतीला उरलेले पाहुणे. त्यांच्यासाठी अख्खा हॉल अडून राहतो.

यात आमच्या हिने मदत म्हणून अडकलेली तबकडी बाहेर काढली आणि पदराने गोल गोल, ताट पुसावं तशी पुसली. चिरंजीव किंचाळले. डीव्हीडी कधी गोल पुसू नये; मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावी. कारण तिच्यावरची माहिती एका अखंड सर्पिल वाटेवर लिहिलेली असते आणि त्या वाटेच्या दोन वेटोळ्यांत अंतर असतं मिलिमीटरचा हजारावा भाग, त्याच्याही पाऊण हिश्शाइतकं. आडवा ओरखडा प्रत्येक वेटोळ्याचा एक कण खातो. तेवढं तबकडी स्वतःच्या हिशेबाने सावरून घेते. वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र अख्खा प्रसंग गिळतो.

“म्हणजे?” हिने विचारलं.

“म्हणजे प्रत्येकाच्या पानातला एक भजा कमी पडला तर कुणी बोलत नाही,” मी म्हणालो. “एकाच माणसाच्या पानातले सगळे भजे गेले तर तो रुसतो.”

“तुमचे मामा,” ती म्हणाली. विषय तिथेच संपला, पण मामा पुढे येणार आहेत.

उतरलेली प्रत मूळ तबकडीशी जुळते का हे पाहायची सोय असते. संगणक दोन्हींचा हिशेब करून प्रत्येकीची बत्तीस अक्षरांची एक पत्रिका काढतो. लग्नाला छत्तीसपैकी अठरा गुण जमले तरी भटजी हो म्हणतात. इथे बत्तीसच्या बत्तीस जुळावी लागतात; एक जरी चुकलं तरी स्थळ मोडलं. आम्ही रात्री बारा वाजता दोन पत्रिका घेऊन एकेक अक्षर वाचत बसायचो. “सात?” “सात.” “बी?” “बी.” पलीकडचे काका हे ऐकत असणारच. त्यांनी एव्हाना आमच्याकडे पाहून हसणंही सोडलं होतं.

आणि मग आली ती तबकडी. मार्करची शाई धुऊन गेलेली, पण उजेडात तिरकी धरल्यावर वाचता आलं : ‘लग्न फायनल नवीन’. 

आमचं लग्न मे १९९६ चं. जपानात डीव्हीडी बाजारात आली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आम्ही सहा महिने थांबलो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती. शूटिंग व्हीएचएसवर. “एकदम सिनेमासारखी क्वालिटी, साहेब,” असं शूटिंगवाले म्हणाले होते. २००१ मध्ये कॅसेटला बुरशी लागायला लागली तेव्हा एकाने तिची व्हीसीडी करून दिली : “क्वालिटी तीच राहील, साहेब.” २००८ मध्ये व्हीसीडी अडकायला लागली, दुसऱ्याने तिची डीव्हीडी केली : “क्वालिटी तीच राहील, साहेब.” आता व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं आणि डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६ चं. म्हणजे चौपट. पण पावशेर दूध चौपट मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं शेरभर होत नाही. तळाला पसरतं, एवढंच. तीन जणांनी वचन दिलं होतं आणि तिघांनी मिळून क्वालिटीचा जो विचका केला होता, तो आता आम्ही बत्तीस अक्षरं जुळवून, एक कणही न गमावता, पुढच्या पिढीसाठी जपणार होतो.

पत्रिका जुळली. आम्ही फाइल लावली. आई आतून काठी टेकत आली.

सगळं आलं होतं. सुरुवातीला गोल फिरणारे चार बदाम आणि त्यातल्या एकातून उगवणारं माझं नाव, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं. मुहूर्ताच्या वेळी गेलेली वीज आणि अंधारात ‘सावधान’. शूटिंगवाल्यांनी पूर्ण दीड मिनिट केवळ कूलरचं केलेलं चित्रण. मे महिन्यात मांडवात त्याच्याइतकी देखणी दुसरी वस्तू नव्हती, हे मान्य. मानपानावरून रुसलेले मामा खांबाला टेकून उभे, आणि त्यांना मनवायला गेलेली तीन माणसं एकामागून एक तोंड पाडून परत येताना. सत्तावीस वर्षांत मामांच्या रागाला यत्किंचित घट आली नव्हती. लॉसलेस म्हणतात ते हेच.

आणि खुर्चीत बसलेले बाबा. माझे वडील २००३ मध्ये गेले. चित्रात ते एक पुसट, पिवळट डाग आहेत. डोक्यावर टोपी आणि खाली एक हसू, एवढं ओळखू येतं. चिरंजीव म्हणाले, “आजोबांना स्वच्छ करून दाखवू?” हल्ली असं सॉफ्टवेअर असतं. जे ठिपके चित्रात नाहीत ते दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून भरतं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा फिरला. सकाळी आम्ही पुन्हा जमलो.

चित्र खरोखर लखलखीत झालं होतं. टोपीची शिवण दिसत होती. गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. आणि बाबा हसत होते, पांढऱ्याशुभ्र, सरळ, एका ओळीत बसलेल्या दातांनी.

आईने चष्मा पुसला. “हे कोण बावा?”

“आजी, आजोबा आहेत.”

“अरे, लग्नात कवळी घालणार नाही म्हणून अडून बसले होते ते. कटकट वाजते म्हणे.” तिने पुन्हा एकदा पाहिलं. “दात होते तेव्हा हा माणूस कधी हसला नाही. हसायला लागला तेव्हा दात नव्हते. हे दुसऱ्याच कुणाचं आहे.”

चिरंजीवांनी काही न बोलता ती फाइल पुसली आणि जुनी लावली. पिवळट डाग पुन्हा खुर्चीत बसला. “हां,” आई म्हणाली आणि खाली टेकली. पंगतीपर्यंत पाहिलं तिने.

तेव्हापासून ‘क्वालिटी जाता कामा नये’ या माझ्या वाक्याचा अर्थ मला लागला आहे. त्यात एक अक्षर कमी होता कामा नये आणि एक दातही जास्त होता कामा नये.

हिशेब असा. सत्तेचाळीसपैकी एक्केचाळीस पूर्ण उतरल्या, चार अर्ध्यामुर्ध्या, दोन गेल्या. गेलेल्यांपैकी एक गॅदरिंगची होती, तीत आमचे चिरंजीव झाड झाले होते. त्यांच्या मते पुराने निदान एक काम बरं केलं. सगळं मिळून दोनशे गीगाबाइटसुद्धा भरलं नाही, आणि मी टेराबाइटच्या मापावरून भांडायला निघालो होतो.

वेळीच जपलं नाही तर काय होतं? भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची आज एकही प्रत शिल्लक नाही. पुढच्याच वर्षीचा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजही पाहता येतो. एक राहिला, एक गेला. बोलपट असूनही जाताना तो काही बोलला नाही. तेव्हा तुमच्याही घरात जिन्याखाली अशा तबकड्या असतील तर येता मे महिना लागण्याआधी उतरवून घ्या, विकतच्या नंतर, घरच्या आधी. बर्फी करू नका, अख्खं संत्रं घ्या. हार्ड डिस्क एक नको, दोन घ्या, कारण तीही एक दिवस खट् करून थांबणारच आहे. आमची एक माळ्यावर आहे, दुसरी अमरावतीला बहिणीकडे. आणि कुठेही ठेवा, गुडघ्याच्या वर ठेवा.